आत्या हिरव्या लुगड्यात

या सदरातले अनुभव मी कॉलेजात असल्यापासून वाचते. खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे. हॉस्टेलवर एक जण मोठ्यानं वाचणार आणि बाकीच्या मध्येमध्ये दार वाजवून घाबरवणार, असा आमचा कार्यक्रम असायचा. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसले तर हात अडतोय. आधीच सांगते – माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आणि तो नसायला कारण माझी आत्याच होती.

आत्या घाटघरला एकटी राहायची. नाणेघाटाच्या अलीकडचं आमचं गाव. आमच्या घरात पूर्वी मोठा कळप होता, आत्याकडे शेवटपर्यंत दहा-बारा मेंढरं उरली होती आणि नाचणीचा एक तुकडा. रात्री-अपरात्री मेंढरांपाशी एकटी झोपणारी बाई ती. गावातल्या बायका काही सांगायला लागल्या की म्हणायची, "मेलेलं माणूस कशाला येतंय गं? त्याला काय काम न्हाई? जित्या माणसाला भ्या."

मी चार वर्षांची असताना माझा भाऊ किरण झाला आणि आई फार आजारी पडली. तेव्हा अण्णांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – मला दोन महिन्यांसाठी आत्याकडे आणून ठेवलं. त्या दोन महिन्यांची आठ वर्षं झाली. आई वाचली नाही. अण्णा जुन्नरला सरकारी ऑफिसात क्लार्क, घरी तान्हं बाळ... मी आत्याकडेच राहिले. पाहुणी म्हणून आले होते म्हणून ती मला कायम 'पावणी' म्हणायची. "पावणे, जेवलीस का?" "पावणे, दप्तर घेतलं का?" पुढं हायस्कूलला जुन्नरला आले तरी शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं घाटघर गाठायचे. माझं नाव अश्विनी आहे हे तिला माहीत असेल का, अशी मला कधीकधी शंका यायची.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आत्याचं लग्न झालं होतं. तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव, चांगली बागायती माणसं. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्या माणसानं दुसरी बायको आणली आणि आत्याला एका सकाळी घाटघरच्या रस्त्याला सोडून दिलं. सोडून म्हणजे अक्षरशः – गाडीतून उतरवलं आणि गाडी वळवली. आत्यानं घरी येऊन मंगळसूत्र काढलं, ते परत पाठवलं आणि त्या दिवसापासून अंगाला हिरवा रंग लावला नाही. कासार बांगड्या घेऊन आला की लाल भरायची, निळ्या भरायची. हिरव्या कधीच नाही. कुणी सणाला हिरवं लुगडं दिलं तर दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी पोरीला देऊन टाकायची.

मला जर्मनीत मास्टर्सला ॲडमिशन मिळाली – विषय फळबागा आणि माती – तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी घाटघरला गेले. चुलीपुढं बसलो होतो. भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली,

"पावणे, एक कबूल कर."

"काय?"

"मी मेले तर मला त्याच्या नावाचं हिरवं नेसवू देऊ नगं. आणि त्याला माझ्या अंगाला हात लावू देऊ नगं. तो जिता हाय, मानसं म्हंतील सवाष्ण गेली, नवऱ्याला बोलवा. तुझा बाप मऊ हाय. तो दबंल. तू उभी राहा."

"आत्या, काहीतरीच काय? मी दोन वर्षांत येतेय."

"कबूल कर."

"बरं बाई, कबूल."

मग तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि दुसरं काहीतरी बोलायला लागली.

जर्मनीतल्या त्या शहरात माझ्यासोबत सायली होती. घोडेगावची. तिचे वडील आणि अण्णा जुने मित्र, त्यामुळे दोघींनी एकाच युनिव्हर्सिटीत अर्ज केले, एकत्र विमानात बसलो, एकच खोली घेतली. तिथल्या पहिल्या थंडीत मी रडायचे तेव्हा तिनं मला सांभाळलं. तिला ताप आला तेव्हा मी आठ दिवस खिचडी करून घातली. सख्खी बहीण नाही मला. सायली होती.

आत्याशी दर रविवारी बोलणं व्हायचं. घाटघरला रेंज नसल्यासारखीच. ती साधा फोन घेऊन शाळेच्या मागच्या भिंतीपाशी यायची, तिथं दोन कांड्या मिळायच्या. मे महिन्यातल्या एका रविवारी फोन लागला नाही. मी किरणला विचारलं. तो म्हणाला, "आत्यानं फोन पाण्याच्या हंड्यात पाडला. दुरुस्तीला दिलाय."

आत्याच्या हातून असं होऊ शकतं. मी हसले. तो हसला नाही, पण तेव्हा ते जाणवलं नाही. व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर म्हणाला, "नेट लई स्लो आहे गं सध्या." अण्णाही दोनच वाक्यं बोलले – परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कर, तब्येत सांभाळ.

त्याच आठवड्यात सायलीनं परदेशी विद्यार्थ्यांच्या ग्रुपच्या सहलीला आमची दोघींची नावं दिली. शनिवारी, एक दिवसाची सहल. बसनं दोन तासांवर एक जुना किल्ला आहे – आपल्या शिवनेरीसारखा डोंगरी नाही, सपाटीवरचा, राजवाड्यासारखा – आणि त्याच्या मागं तीनशे वर्षांपूर्वीच्या बागा. नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांचा यात काही संबंध नाही. मी म्हटलं, "अगं, बुधवारी पेपर आहे." तर ती हातच धरून म्हणाली, "अश्वे, प्लीज. तुझाच विषय आहे ना बागांचा? माझ्यासाठी चल."

सकाळी बसमध्ये तिनं माझा फोन मागून घेतला. "तुझा कॅमेरा भारी आहे, आज फोटो मी काढणार. तू नुसती बघ." बॅटरी टिकावी म्हणून एअरप्लेन मोडवर टाकते म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कशाला वाटेल?

आम्ही जवळजवळ तीस जण होतो. स्वच्छ ऊन पडलं होतं. पिवळ्या रंगाची मोठी इमारत, तिच्या मागं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी बाग. बुटकी झुडपं अशी कापलेली की वरून पाहिलं तर गालिच्यासारखी नक्षी दिसते. कारंजी, पांढरे पुतळे, संत्र्यांची झाडं लाकडी कुंड्यांत. एक गाईड बाई इंग्रजीत सांगत होत्या – कुठल्या राणीनं काय लावलं वगैरे. सायली माझ्या अगदी चिकटून चालत होती. टॉयलेटलाही सोबत आली. मी चेष्टेनं म्हटलं, "मी पळून नाही जाणार." तिचं तोंड कसंनुसं झालं.

सव्वाअकराच्या सुमाराला गाईड बाईंनी अर्धा तास मोकळा दिला. बागेच्या एका कडेला उंच विटांची भिंत होती, तिच्या आत म्हणे राजवाड्याची भाजीबाग अजून राखली आहे. माझ्या दृष्टीनं खरी बघण्यासारखी गोष्ट तीच. सायली कॉफीच्या रांगेत होती. मी तिला खूण केली आणि एकटीच निघाले.

लोखंडी फाटक उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. सरळ रेषेत वाफे, मध्ये बारीक खडीच्या वाटा. वाटाण्याचे वेल काड्यांवर चढवलेले, कोबी, मुळे, कसलीकसली सुवासिक पानं. मी पाट्या वाचत वाचत शेवटच्या भिंतीकडे निघाले होते आणि मला बांगड्यांचा आवाज आला.

काचेच्या बांगड्यांचा. आठ महिन्यांत तो आवाज माझ्या कानावर पडला नव्हता. मी थांबले. वाटाण्याच्या वेलांपलीकडे एक बाई खाली बसून तण काढत होती. माझ्याकडे पाठ. आपल्याकडच्या बायका खुरपायला बसतात तशी, दोन्ही पायांवर, गुडघे वर. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं. कोरं, घडीच्या रेघा दिसत होत्या. पाय अनवाणी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा – कुणीतरी भारतीय टुरिस्ट असेल. दुसरा विचार – टुरिस्ट तण कशाला काढेल? तेवढ्यात तिनं डावा हात लांब करून एक रोप उपटलं, आणि मी तो हात ओळखला. करंगळी आत वळलेली. विळा लागून वाकडी झालेली ती करंगळी धरून मी लहानपणी चालायचे.

"आत्या?"

तिनं मान वळवली नाही. हात चालूच. "पावणे, लई उशीर केलास."

वाचणाऱ्यांना वाटेल की मी किंचाळले असेन. नाही. मला भीती वाटलीच नाही, मला आनंद झाला. माणसाचं डोकं किती झटकन कारण शोधतं बघा. मला वाटलं, किरणनं तिला आणलं. सरप्राइज! म्हणून फोन लागत नव्हता, म्हणून सायली मला ओढून इथं घेऊन आली. पासपोर्ट, व्हिसा, काही काही डोक्यात आलं नाही.

"अगं, तू कशी इथं? किरणनं आणलं?"

तेव्हा ती वळली.

तिचं अख्खं कपाळ कुंकवानं भरलेलं होतं. मळवट. कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. जन्मात जे तिनं अंगाला लावलं नाही ते सगळं तिच्या अंगावर होतं.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघून घे काय केलंय मला."

"कुणी केलं?"

"त्यानंच. त्याच्या हातानं कुंकू भरलं. तुझा बाप बाजूला उभा व्हता. मी वरडत व्हते, नगं नगं म्हणत व्हते. एकाला बी ऐकू गेलं न्हाई." मग तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू कबूल केलं व्हतंस, पावणे. मी वाट बघितली तुझी. शेवटपतोर बघितली."

मला अजून काही उमगलं नव्हतं, आणि तरी सगळं उमगलं होतं. हे कसं सांगू... तोंडातून शब्द आपोआप आले. "आत्या, मला कुणी सांगितलंच नाही."

तिचे हात थांबले.

"न्हाई सांगितलं?"

"नाही गं. तुझी शपथ."

तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. कुणीतरी आपल्याला फसवलंय हे माहीत असतं, पण दुसऱ्यालाही त्याच माणसानं फसवलंय हे कळल्यावर जसा चेहरा होतो तसा. ती म्हणाली, "मग तुझ्यावर राग न्हाई माझा." आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "तिला ठाव हाय. तिला इचार."

मी मागं वळले. फाटकात सायली उभी होती, दोन्ही हातांत कॉफीचे कप. "अश्वे! किती शोधलं तुला!"

मी परत पुढं पाहिलं. वाफ्यात कुणी नव्हतं. पलीकडे उंच भिंत, तिला दार नाही. जायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर मी उभी होते. वाफ्याचा हातभर तुकडा स्वच्छ खुरपलेला होता आणि कडेला तणाचा छोटा ढीग, सगळी मुळं वर केलेली. उन्हानं लवकर वाळावं म्हणून आत्या तसं ठेवते. पण तिथले माळीही तसंच ठेवत असतील, मला माहीत नाही.

मी सायलीजवळ गेले. माझा आवाज अगदी शांत होता, हे नंतर तीच म्हणाली.

"सायली, आत्या कधी गेली?"

तिच्या हातातला एक कप खाली पडला. ती "काय बोलतेस?" म्हणाली असती तर मला वाटलं असतं की मीच वेडी झालेय. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

झालं. तेवढं पुरे होतं.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात, गुरुवारी. झोपेत गेली, काही त्रास नाही झाला..." ती रडायला लागली. "आज दहावा आहे. अण्णांचा मला त्याच दिवशी फोन आला होता. म्हणाले, परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये, तुला तुझ्या आईची शपथ आहे. मी काय करू? आज सगळे स्टेटसला फोटो टाकणार, म्हणून म्हणाले की तिला दिवसभर बाहेर ने, फोन हातात देऊ नको..."

म्हणजे त्या बागा, ती बस, "माझ्यासाठी चल" – सगळंच. दहा दिवस ही मुलगी माझ्याशेजारी झोपत होती. मंगळवारी मी आत्याची नक्कल करून हिला हसवलं होतं, आणि ही हसली होती. मी विचारलं, "आणि माझ्या फोनवर एकही मेसेज कसा नाही आला?" तर मान खाली घालून म्हणाली, "एक आला होता. तुझ्या चुलतबहिणीचा. तू आंघोळीला गेली होतीस. मी डिलीट केला."

मी तिच्या खांद्यावरच्या बॅगेतून माझा फोन काढून घेतला आणि चालू केला. मेसेज पडत होते, मी बघितले नाहीत. सरळ किरणला फोन लावला. तिकडे दुपारचे तीन वाजून गेले होते. मागं माणसांचा आवाज होता, भांड्यांचा आवाज होता.

"किरण, एकच विचारते. आत्याला कोणतं लुगडं नेसवलं?"

मागचा आवाज लांब गेला, तो माणसांतून बाहेर आला असावा. मग म्हणाला, "ताई..."

"कोणतं?"

"हिरवं."

"कुंकू कुणी भरलं?"

"त्यांनीच. म्हणजे... तिच्या मालकांनी. गावातली मोठी माणसं म्हणाली..."

"अण्णा कुठं होते?"

"तिथंच. बाजूला उभे होते." आणि मग तोच प्रश्न – "तुला कुणी सांगितलं?"

सायली माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तोंड उघडं ठेवून ती माझ्याकडे बघत होती. आत्या गेली एवढंच तिला सांगितलं होतं. माझा फोन सकाळपासून तिच्याकडेच, एअरप्लेन मोडवर होता. आणि अंत्यविधीचा एकही फोटो कुणी काढलेला नाही, हे मी नंतर प्रत्येकाला विचारून खात्री करून घेतलंय.

परतीच्या बसमध्ये मी पुढं जाऊन बसले, सायलीपासून लांब. शेजारी आमच्या वर्गातली लिन होती, व्हिएतनामची. फार कमी बोलणारी मुलगी. अर्धा तास गेल्यावर तिनं इंग्रजीत हळूच विचारलं, "त्या भाजीच्या बागेत तुझ्यासोबत होत्या त्या आजी कोण?"

मी विचारलं, "तू पाहिलंस?"

"फाटकापर्यंत आले होते. तुम्ही बोलत होता, तुझा आवाज रडवेला येत होता, म्हणून आत आले नाही. हिरवे कपडे होते त्यांचे. पण..." ती जरा थांबली, "त्यांच्या कपाळाला लागलं होतं का? खूप रक्त होतं."

सायली त्याच फाटकातून आली होती. तिला मी एकटी उभी दिसले होते.

परीक्षा मी दिली. कशी दिली माहीत नाही, पास झाले. सायलीला दुसऱ्या आठवड्यात दुसरी खोली बघायला सांगितली. ती पुष्कळ वेळा बोलायला आली. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं." मला ते पटतंही. तरी तिच्यासमोर बसलं की मला तो मंगळवार आठवतो, ती हसताना आठवते. अजून आमचं बोलणं नाही.

सप्टेंबरात सुट्टीला जुन्नरला आले. अण्णा स्टँडवर घ्यायला आले होते. घरी जेवणं झाली, किरण कामावर गेला. अण्णा ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. मी समोर पाट घेतला.

"अण्णा, मला का नाही कळवलं?"

"परीक्षा व्हती तुझी. एवढ्या लांबून येणार कशी, आणि येऊन..."

"खरं सांगा."

शेंगा मोडायच्या थांबल्या. अण्णा आयुष्यभर कुणाशी वाकडं बोलले नाहीत. ऑफिसात नाही, गावात नाही. सगळे त्यांना लई चांगला माणूस म्हणतात. आत्या त्यांना मऊ म्हणायची.

"गावानं त्याला निरोप धाडला," ते म्हणाले. "तो सहा मानसं घेऊन आला. म्हणाला, माझी बायकू हाय, मी अग्नी देणार. म्हातारी मानसं म्हणाली, सवाष्ण गेली, भाग्यवान बाई. मी त्यांच्याम्होरं काय बोलू? बोललोच न्हाई." मग त्यांनी एक शेंग उचलली आणि न मोडताच परत ठेवली. "तुला कळवलं असतं तर तू फोनवरनं बी तमाशा केला असतास. फोन सगळ्यांम्होरं लावायला सांगितला असतास. म्हणून न्हाई कळवलं. परीक्षेचं मागनं सुचलं."

मी हेच ऐकायला आले होते. पण ऐकून बरं वाटेल असं जे वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

"तिनं तुम्हाला पण सांगितलं होतं का? हिरव्याचं?"

"दहा वेळा." अण्णांनी मान वर केली. "पण तुला हे कुंकवाचं, मी कुठं उभा व्हतो त्याचं... कुणी सांगितलं? किरण म्हणतो, त्यानं सांगायच्या आधीच तुला ठाव व्हतं."

मी सगळं सांगितलं. बाग, बांगड्या, तिचा प्रत्येक शब्द. "तुझा बाप बाजूला उभा व्हता" हेसुद्धा. काही गाळलं नाही. मला वाटलं ते म्हणतील, अभ्यासाचा ताण, जागरण. किंवा रागावतील.

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग त्यांचा आवाज असा आला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"दहा दिस मी तिच्या घरात झोपलो. तिच्या चुलीपाशी. डोकं भादरलं, नदीवर बसलो. मला एकदा बी दिसली न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तिचा भाऊ हाय गं. पाठचा भाऊ. येऊन मला श्या दिल्या असत्या, काठीनं मारलं असतं तरी चाललं असतं. माझ्याकडं का न्हाई आली?"

मी त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या आणि मोडायला लागले.

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. कुणी म्हणतं, मनात दडलेली शंका होती, तिनं रूप घेतलं. मग लिननं काय पाहिलं? कुणी म्हणतं, लिनला मीच नंतर सांगितलं असेल आणि माझ्या लक्षात नाही. मी लिनला दोनदा विचारलंय, ती तेच सांगते. समुद्रापलीकडच्या त्या बागेत आत्या कशी आली, का आली, खरंच आली का – मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता येत असेल तर सांगा.

मी परत जर्मनीला आले त्यालाही आता काही महिने झाले. किरण फोनवर सांगतो, अण्णा हल्ली दर शनिवारी घाटघरची एसटी धरतात. आत्याचं घर उघडतात, दिवा लावतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात वाट बघत बसून राहतात. गावातल्या कुणी हाक मारली तरी उठत नाहीत. परत आल्यावर किरण विचारतो, "जेवला का?" एवढंच. बाकी काही विचारायची त्याची हिंमत होत नाही, आणि अण्णा आपणहून काही सांगत नाहीत.